समोरून सरळ, मागून वाकडी: चामड्याच्या हॅन्डबॅगेची हातशिलाई पुन्हा पुन्हा का बिघडते

झाकण मिटलेले असते तोवर बॅग देखणी दिसते. ते उघडले की झाकणाची आतली बाजू समोर येते आणि तिथली शिवण नागमोडी गेलेली असते. ताईसाठी पहिली बॅग शिवली तेव्हा हे झाले. वाटले, पहिलीच आहे, हात बसलेला नाही. दुसऱ्या बॅगेला दोरा बदलला, सुया बदलल्या, तरी तेच. तिसरी बॅग एका मैत्रिणीला द्यायची होती. तिच्या झाकणाचे निम्मे टाके घालून झाल्यावर उलटून पाहिले आणि काम तिथेच थांबवले. आधी हे का होते ते कळू दे, मग पुढचा टाका, असे ठरवले.

स्वतःच्या बॅगेत असली शिवण चालवून घेता येते. भेट द्यायच्या बॅगेत मला ती चालत नाही. बॅगेची समोरची बाजू इतर लोक बघतात. जिची बॅग आहे तिला दिवसभर दिसते ती आतली बाजू: किल्ल्या काढताना, फोन शोधताना, पुन्हा झाकण लावताना. म्हणजे आपण जी बाजू मागची समजून सोडून देतो, तीच तिच्या डोळ्यांपुढे सर्वांत जास्त असते.

पुढचे सगळे सॅडल स्टिचबद्दल आहे. एकच दोरा, त्याच्या दोन टोकांना दोन सुया, आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून जातात. मशीनच्या टाक्यात वरचा आणि खालचा असे दोन दोरे एकमेकांत अडकलेले असतात. एक तुटला की शिवण उसवत जाऊ शकते. सॅडल स्टिचमध्ये एका बाजूचा टाका झिजून तुटला तरी दुसऱ्या बाजूचा दोरा त्याच भोकांतून गेलेला असल्याने शिवण धरून राहते. रोज ओझे वाहणाऱ्या बॅगेला हाताची शिलाई शोभते ती म्हणूनच.

उसवण्याआधी नीट बघा

मागची शिवण बिघडली की हात लगेच दोरा कापायला जातो. थांबा. बिघाड कसा दिसतो यावरून तो कुठून आला ते बहुतेक वेळा कळते, आणि दोरा काढून टाकला की तो पुरावाही जातो. बॅग उलटी करा आणि उजेड एका बाजूने येईल अशी धरा.

शिवणीची रेघच कडेपासून कधी लांब, कधी जवळ जात असेल, तर दोष भोकांचा आहे. रेघ सरळ आहे, पण टाके एक तिरपा, एक आडवा, पुन्हा दोन तिरपे असे पडले असतील, तर सुयांचा क्रम चुकला आहे. रेघ आणि तिरपेपणा दोन्ही ठीक असून काही टाके फुगलेले आणि काही रुतलेले असतील, तर ओढ सारखी नाही. भोकाभोवती चामडे फाटून वर आले असेल, तर छिन्नी, म्हणजे भोके पाडायचे दात्यांचे हत्यार, जास्त खोल गेली आहे. फक्त कोपऱ्यात बिघडले असेल, तर ते प्रकरण वेगळे. त्याबद्दल शेवटी लिहिते.

माझ्या तिन्ही बॅगांमध्ये पहिले दोन दोष एकत्र होते. म्हणूनच कारण सापडायला वेळ लागला: दोरा ओढायची पद्धत बदलली की टाके थोडे सुधारत, पण रेघ वाकडीच राही.

भोक तिरके जाते, आणि ते समोरून कळत नाही

एक चाचणी करा. न शिवलेल्या भागातल्या दहा-बारा भोकांत सुया नुसत्या खोवून ठेवा, कामाच्या टोकाशी जा आणि रांगेच्या दिशेने एक डोळा मिटून बघा. भोके काटकोनात असतील तर सगळ्या सुया एकामागे एक लपतात. माझ्या सुया वाऱ्याने वाकलेल्या पिकासारख्या दिसत होत्या: पहिल्या चार-पाच उभ्या आणि पुढच्या हळूहळू कललेल्या.

आता थोडे गणित. झाकणाचे चामडे 2.5 मिमी आणि आतले अस्तराचे चामडे 1.5 मिमी, म्हणजे एकूण 4 मिमी जाडी धरा. आरी, म्हणजे हाताने भोक पाडायचे टोकदार हत्यार, फक्त 10 अंश कलली तर मागे निघणारे टोक सुमारे 0.7 मिमी सरकते. दोरा 0.6 मिमीचा असेल तर हे सरकणे दोऱ्याच्या स्वतःच्या जाडीपेक्षा जास्त झाले, डोळ्याला खुपणारच. पट्टा जोडतो तिथे आधाराचा तुकडा धरून जाडी 6 मिमी झाली, तर तेवढ्याच कलाने एक मिलिमीटरहून जास्त फरक पडतो. आणि 10 अंश हा काही मोठा कल नाही. कोपर जरा वर गेले तरी एवढा होतो.

माझे कोपर का वर जात होते? चामडे लाकडी चिमट्यात, म्हणजे स्टिचिंग पोनीत धरून मी एका जागी बसून हात पोचेल तिथपर्यंत आरी मारत होते. जवळची भोके सरळ जात. पुढे हात लांबला की मनगट आपोआप वळे. उपाय अगदी साधा निघाला: दर आठ-दहा भोकांनंतर चिमटा सैल करून चामडे सरकवायचे, म्हणजे टोचायची जागा नेहमी छातीसमोर राहते. चिमट्याची उंचीही अशी हवी की कोपर शरीराला लागून असताना आरी जमिनीला समांतर येईल. शिवणीची रेघ जबड्याच्या वर फार तर अर्धा सेंटिमीटर ठेवा. त्याहून जास्त चामडे वर राहिले तर आरीच्या दाबाने ते मागे झुकते आणि सरळ मारलेले भोकही तिरके निघते. मऊ चामड्यात हे हमखास होते.

मागच्या बाजूला एक छोटा आरसा टेकवून ठेवायची सवय मला फार उपयोगी पडली. आरीचे टोक कुठे निघते ते मान न वळवता दिसते. टोक जरासे डोकावले की थांबायचे, आरशात बघायचे, रेघेवर असेल तरच पुढे दाबायचे. टोक रेघेच्या वर-खाली आले असेल तर आरी मागे घेऊन त्याच भोकातून कोन बदलून पुन्हा सारायची. पूर्ण पाते आरपार गेल्यावर ही दुरुस्ती हातात राहत नाही.

मागची रेघ खरी असेल तरच हे सगळे उपयोगी. ती आखण्यापूर्वी दोन्ही थर चिकटवून, कड रापीने, म्हणजे चामडे कापायच्या-तासायच्या पात्याने, एकसारखी कापून आणि पॉलिश पेपरने घासून सपाट झालेली हवी. मगच विंग डिव्हायडरने, म्हणजे अंतर पक्के करता येणाऱ्या दोन टोकांच्या कंपासाने, दोन्ही बाजूंनी कडेपासून सारख्याच अंतरावर, म्हणजे 3 ते 4 मिमीवर, रेघ ओढायची. मी कड शेवटी साफ करायची. अस्तराचा थर कुठे अर्धा मिलिमीटर आत, कुठे बाहेर असायचा आणि मागची रेघ मुळातच खोटी आखली जायची. त्या वेळी दोष आरीला दिला, ते चूकच होते.

आरीचे पाते चौकटच्या पत्त्यासारखे, डायमंड आकाराचे असते. ते हातात फिरले तर भोकाचा तिरपेपणा बदलतो. मुठीवर, अंगठा टेकतो तिथे चिकटपट्टीचा एक तुकडा लावा. बोटाला कळत राहते की पाते त्याच कोनात आहे. आणि धार. बोथट आरीला जोर लागतो आणि जोर लावला की मनगट वळते. चामड्याच्या तुकड्यावर पॉलिशिंग कंपाउंड लावून पाते दर थोड्या वेळाने परजत जा. आरी चामड्यात लोण्यात जावी तशी गेली पाहिजे.

फिकट, रंग न दिलेले, वनस्पतींच्या टॅनिनने कमावलेले चामडे असेल तर ओल्या हाताने लोखंडी हत्यार धरू नका. टॅनिन आणि लोखंड ओलाव्यात भेटले की निळसर काळा डाग उठतो. जुन्या काळी लिहायची काळी शाई याच क्रियेतून बनत असे, आणि शाईइतकाच तो डाग चिवट असतो.

छिन्नी आरपार ठोकू नका

सारख्या अंतरावर भोके पडावीत म्हणून दात्यांची छिन्नी वापरतात. तिच्यावर 3.38 किंवा 3.85 असे विचित्र आकडे दिसतात, ते दोन भोकांमधले अंतर मिमीत सांगतात. जुन्या फ्रेंच इंचात, जो साधारण 27.07 मिमीचा होता, आठ किंवा सात टाके बसवण्याच्या रीतीतून ते आले आहेत. हॅन्डबॅगेला मला 3.85 आवडते, 0.6 मिमीचा दोरा तिथे भरीव दिसतो आणि चुका दडपून टाकण्याइतका टाका मोठाही नसतो.

दाते टोकाकडे निमुळते असतात. जाड थरांतून ते पार घालवायला जोराने ठोकले की समोरचे भोक गरजेपेक्षा मोठे होते, मागे अस्तर फुटून बाहेर येते आणि छिन्नी ओढून काढताना हलवावी लागते, तेव्हा भोकांचे कान फाटतात. एकूण जाडी 3 मिमीच्या पुढे असेल तर छिन्नीने फक्त खूण खोल करा आणि भोक आरीने पूर्ण करा. वेळ दुप्पट लागतो, पण मागची बाजू स्वच्छ निघते. छिन्नीनेच आरपार जायचे असेल तर खाली जाड चामड्याचा तुकडा ठेवा, दात्यांना मेण लावा, टोके मागे जेमतेम एक मिलिमीटर दिसतील इतकेच ठोका, आणि काढताना चामडे दोन्ही बाजूंनी दाबून धरून छिन्नी सरळ वर ओढा.

सुयांचा क्रम

भोके सरळ आली की अर्धे काम झाले. उरलेले अर्धे एका सवयीवर आहे: प्रत्येक भोकात तीच सुई आधी, आणि दुसरी सुई पहिल्या दोऱ्याच्या त्याच बाजूने.

तिरप्या भोकात दोन दोरे बसतात, एक वरच्या टोकाला, दुसरा खालच्या. क्रम बरोबर असेल तर समोरचा दोरा एका भोकाच्या जवळच्या टोकातून निघून पुढच्या भोकाच्या जवळच्याच टोकात शिरतो. अंतर कमी, म्हणून टाका उठावदार आणि तिरपा दिसतो. मागच्या बाजूला उरतात ती लांबची टोके. तिथला टाका लांबट आणि आडवा येतो. म्हणजे मागची बाजू समोरच्यापेक्षा थोडी सपाट दिसणे हा तुमच्या हाताचा दोष नाही, या टाक्याची रचनाच तशी आहे. हे कळल्यावर माझ्या मनावरचे मोठे ओझे उतरले. पण मधेच एका भोकात दुसरी सुई पहिल्या दोऱ्याच्या उलट बाजूने गेली, तर त्या एका जागी सगळे पालटते: समोर आडवा टाका, मागे तिरपा. अनियमितपणा म्हणून डोळ्याला खटकतो तो हा.

बरोबर क्रम कोणता, हे डाव्या-उजव्या हातावर, शिवण आपल्याकडे आणता की दूर नेता यावर, आणि भोके कोणत्या बाजूला झुकली आहेत यावर ठरते. त्यामुळे पाठ करण्यापेक्षा उरलेल्या चामड्याच्या पट्टीवर दहा टाके एका क्रमाने, दहा उलट क्रमाने घालून बघा. समोर तिरपे येतात तो तुमचा क्रम. तो कागदावर लिहून समोर चिकटवा. झाकण पुरे होईपर्यंत उठू नका असे म्हणणार नाही, पण उठलात तर परत बसताना शेवटचे दोन टाके बघून मगच सुई उचला. माझे बहुतेक उलटे टाके चहाला उठून आल्यानंतरचे होते.

मागची बाजूही तिरपी हवी असेल तर दोऱ्याला वळसा द्यावा लागतो. दुसरी सुई भोकात अर्धी गेली की तिचे टोक मागच्या बाजूला निघते. त्या टोकावरून पहिल्या दोऱ्याचा एक वळसा टाकायचा आणि मग दोन्ही ओढायचे. भोकात अर्धी गाठ बसते, दोरे जागा बदलतात आणि मागचा टाका उठतो. वळसा उलट दिशेने पडला तर गाठच बसत नाही, म्हणून हेही आधी पट्टीवर करून बघा. झाकणासाठी मी हे करते, आतल्या खिशासाठी करत नाही. पण वळसा द्यायचा तर प्रत्येक टाक्याला द्या. तीन सोडून चौथ्याला दिला तर न दिलेलाच बरा होता असे वाटते.

एक धोका लक्षात ठेवा. दुसरी सुई आधीच्या दोऱ्याला भोसकून गेली की तो दोरा तिथेच अडकतो. ओढ बसत नाही, टाका मागे घेता येत नाही आणि दोरा कमजोर होतो. दुसरी सुई घालताना पहिला दोरा ताणून एका बाजूला धरा, आणि सुया बोथट टोकाच्याच वापरा. भोक पाडायचे काम आरीचे आहे. सुई गेल्यावर दोरा दोन्ही बाजूंनी मागेपुढे सरकवून बघा. सरकला तर मोकळा आहे.

ओढीबद्दल थोडक्यात: दोन्ही हात एकाच वेळी, एकाच रेषेत, सारख्या जोराने. चामडे दबून खड्डा पडेल इतके ओढायचे नाही. लिननच्या दोऱ्याला मेण चोळा, टाका बसल्या जागी राहतो. दोरा शिवणीच्या चौपट लांब घ्या, जाड कामाला थोडा अधिक. पण दोन्ही हात पसरून मावेल त्याहून लांब दोरा घेऊ नका. शंभर भोकांतून घासून त्याचे शेवटचे टोक पिंजते.

कोपऱ्यात एक भोक उरते

बाजूपट्टी, म्हणजे बॅगेच्या दोन्ही बाजूंना आणि तळाला फिरणारी पट्टी, समोरच्या भागाला जोडताना तळाच्या गोल कोपऱ्यापुढे भोके जुळत नाहीत, एक-दोन उरतात, आणि ती कशीबशी सामावून घेताना शिवण ओढली जाते. मोजमाप तर बरोबर होते, मग हे कुठून आले? चामड्याला जाडी आहे, म्हणून. 2 मिमीची पट्टी काटकोनात गोल वळवली की तिच्या आतल्या आणि बाहेरच्या पृष्ठभागांच्या लांबीत सुमारे 3.1 मिमीचा फरक पडतो, कोपरा लहान असो की मोठा. दोन कोपरे धरले तर 6.3 मिमी. 3.85 मिमीच्या टाक्याच्या हिशेबात ही दीड भोके झाली.

मी आता बाजूपट्टीची लांबी मोजून कापतच नाही. दोन्ही तुकड्यांवर तळाच्या मधोमध खूण करते, मधल्या भोकापासून सुरुवात करते आणि दोन्ही बाजूंना वर जाते. सरळ भागात मोजून भोके पाडायची. कोपऱ्यात फक्त समोरच्या भागाला, दोन दात्यांच्या छिन्नीने भोके पाडायची. पट्टी वळवून जागेवर धरायची आणि आरी आधीच्या भोकातून पट्टीत उतरवायची. वर तोंडाशी पट्टी दोन सेंटिमीटर जास्त ठेवते आणि शिवण झाल्यावर कापते. कोपऱ्यात पट्टी वळायला कुरकुर करत असेल तर तेवढी जागा मागून रापीने तासून 1.2 मिमीपर्यंत आणा. फरकही कमी होतो.

बिघडलेले वाचवायचे कसे

दोरा मागच्या बाजूने दर तिसऱ्या टाक्याला कापा आणि तुकडे चिमट्याने काढा. एक टोक धरून ओढत नेलेत तर भोके रुंदावतात. वनस्पतींनी कमावलेले चामडे असेल तर मागची चुकलेली भोके बोट ओले करून दमट करा आणि गुळगुळीत लाकडाने घासा. ती बरीच मिटतात. वाळल्यावर समोरच्या जुन्याच भोकांतून, आरशात बघत, आरी पुन्हा सरळ घाला. क्रोमने कमावलेल्या मऊ चामड्यात भोके अशी मिटत नाहीत. तिथे चुकलेली रेघ झाकणारी अर्ध्या इंचाची पातळ पट्टी आतून चिकटवून तिच्यासकट शिवणे हाच मार्ग मला सापडला. मुळात तशीच रचना होती असे दिसते.

भेटीची तारीख जवळ असेल तरी शिवायचा क्रम बदलू नका: आधी आतला खिसा, मग बाजूपट्ट्या, मग पट्ट्याचे जोड, शेवटी झाकण. तोवर हात तापलेला असतो. तारखेच्या किमान दोन दिवस आधी शिवण संपवा, कारण एक परीक्षा अजून राहते. बॅगेत दोन किलो वजन भरून रात्रभर पट्ट्यावर टांगून ठेवा. सकाळी पट्ट्याच्या जोडाजवळचे शेवटचे भोक लांबट झालेले दिसले तर तेवढे टाके काढून, आत आधाराचा तुकडा घालून पुन्हा शिवा आणि शेवटी तीन भोके मागे येऊन दोरा संपवा.

मैत्रिणीच्या बॅगेचे झाकण मी पूर्ण उसवून असेच पुन्हा शिवले. ताईची बॅग मागून घेतली आहे. ती म्हणाली, "अगं, राहू दे ना, मला काहीच वाकडे दिसत नाही." मला दिसते. झाकण काढून झाले आहे, भोके वाळताहेत.